डिजिटल ग्रंथालयातील चित्रशोध : पद्धत, अर्थकारण आणि अर्थनिर्णय

१८९१ च्या जनगणनेनुसार मुंबई शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ च्या जनगणनेत ती सुमारे ७ लाख ७६ हजार इतकी भरली. कापड गिरण्या वाढत असताना आणि देशभरातून मजूर येत असताना एखाद्या औद्योगिक शहराची लोकसंख्या दशकभरात घटावी, ही असाधारण घटना होय. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात उद्भवलेली प्लेगची साथ, तिच्यातील मृत्यू आणि शहर सोडून गेलेले लोक हे या घटीचे प्रमुख कारण होते. जनगणनेचा तक्ता ही घट आकड्यांत दाखवतो. परंतु त्या काळात घरे कशी धुतली गेली, रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी कशी झाली, विलगीकरणाच्या छावण्या कशा होत्या, हे तक्त्यावरून कळत नाही. त्यासाठी छायाचित्रांकडे वळावे लागते.

ही छायाचित्रे उपलब्ध आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शन या संशोधन ग्रंथालयात १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेग निवारण कार्याची छायाचित्रे जतन केलेली असून ती संगणकावर कोणालाही पाहता येतात. त्यांपैकी अनेकांचे श्रेय कॅप्टन सी. मॉस यांच्याकडे दिले जाते. एके काळी ही छायाचित्रे पाहण्यासाठी लंडनला जाणे भाग होते. आज चंद्रपूर किंवा सिंधुदुर्ग येथील विद्यार्थी ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहू शकतो. मात्र तो ती प्रत्यक्षात शोधू शकतो का, आणि सापडल्यावर तिचा योग्य अर्थ लावू शकतो का, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. अर्थशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन व निबंध या विषयांच्या अभ्यासकांना तो उपयुक्त ठरावा.

चित्र शोधले जात नाही, नोंद शोधली जाते

छापील पुस्तकाचे डिजिटल रूपांतर झाले की अक्षर-ओळख तंत्राच्या साहाय्याने त्यातील प्रत्येक शब्द शोधता येतो. चित्राच्या बाबतीत असे घडत नाही. छायाचित्रातील रुग्ण, खाट, पाण्याचा पंप अथवा शिपाई यांपैकी कोणीही आपले नाव सांगत नाही. त्यामुळे ग्रंथालयाची शोधयंत्रणा सर्वसाधारणपणे चित्र तपासत नाही. चित्रासोबत कोणीतरी लिहून ठेवलेली नोंद तपासते. या नोंदीला मेटाडेटा, म्हणजे माहितीविषयीची माहिती, असे म्हणतात.

या नोंदी जगभर परस्परांशी जुळाव्यात म्हणून काही मानके तयार झाली. त्यांपैकी सर्वांत परिचित मानक म्हणजे डब्लिन कोअर. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून ते पुढे आले. आयर्लंडच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही. या मानकात १५ मूलभूत घटक आहेत : शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. यांतील ‘व्याप्ती’ या घटकात स्थळ व काळ यांचा समावेश होतो.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने यांतील तीन घटक विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला घटक शीर्षक. जुन्या छायाचित्रांना पुष्कळदा मूळ शीर्षक नसते. ते नोंद करणाऱ्या ग्रंथपालाने दिलेले असते. दुसरा घटक विषय. येथे ग्रंथपाल मनात येईल तो शब्द वापरत नाही, तर ठरवून दिलेल्या विषयशीर्षकांच्या यादीतून शब्द निवडतो. अशा यादीला नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिसरा घटक ओळखक्रमांक. संकेतस्थळाची रचना बदलली, पत्ता बदलला, तरी या क्रमांकावरून तेच चित्र पुन्हा मिळवता येते. म्हणून चित्र उतरवून घेताना हा क्रमांक टिपून ठेवणे ही अभ्यासकाची पहिली सवय असावी.

शोधाचे अर्थशास्त्र

माहिती फुकट उपलब्ध असली, तरी ती शोधण्यास खर्च येतो. हा खर्च पैशांत नसला तर वेळेत आणि श्रमात मोजावा लागतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात हा विचार पद्धतशीरपणे मांडला. ग्राहक उत्तम किंमत मिळेपर्यंत दुकाने पालथी घालत बसत नाही. आणखी एका दुकानात जाण्याचा खर्च आणि त्यातून होऊ शकणारा लाभ यांची तो तुलना करतो व दोन्ही समान होतील तेथे थांबतो. स्टिगलर यांना १९८२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच नियम ग्रंथालयातील शोधालाही लागू पडतो. ज्या संग्रहातील नोंदी त्रोटक असतात, तेथे शोधाचा खर्च वाढतो आणि बहुतेक वाचक लवकर थांबतात. चित्र अस्तित्वात असूनही ते त्यांच्यापुरते नसल्यासारखेच राहते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी हीच गोष्ट त्यापूर्वी वेगळ्या शब्दांत सांगितली होती. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे.

डिजिटल चित्रसंग्रहाचा खर्च दोन भागांत विभागता येतो. काचपट्टी अथवा कागदावरील छायाचित्राची उच्च दर्जाची प्रतिमा तयार करणे आणि तिची नोंद लिहिणे हा आरंभीचा स्थिर खर्च होय. एकदा तो झाला की एका वाचकाऐवजी एक लाख वाचकांनी ते चित्र पाहिले, तरी प्रत्येक जादा वाचकामागील सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे चित्र कमी होत नाही. म्हणजेच उपभोगात स्पर्धा नसते. वाचकांना वगळणे मात्र शक्य असते. शुल्क अथवा सदस्यत्वाची अट घातली, तर तेच चित्र ‘क्लब वस्तू’ बनते. अट काढून टाकली, तर ते सार्वजनिक वस्तूप्रमाणे वागते. वेलकम ग्रंथालयाने जानेवारी २०१४ मध्ये १ लाखाहून अधिक ऐतिहासिक चित्रे मुक्त परवान्याखाली खुली केली, तो याच प्रकारचा धोरणात्मक निर्णय होता.

या दोन खर्चांपैकी प्रतिमा तयार करण्याचा खर्च यंत्रांमुळे कमी होत आला आहे. नोंद लिहिण्याचे काम मात्र अजूनही भाषा, इतिहास व स्थळांची जाण असलेल्या माणसाकडूनच चांगले होते. ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर २०१३ मध्ये १७ व्या ते १९ व्या शतकांतील पुस्तकांमधील १० लाखांहून अधिक चित्रे इंटरनेटवर मुक्त केली. प्रत्येक चित्र कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरील आहे हे माहीत होते. पण चित्रात काय आहे याची नोंद नव्हती. अखेर हे काम लोकसहभागातून करण्याचे आवाहन करावे लागले. प्रतिमांची विपुलता आणि वर्णनांची टंचाई ही आजच्या डिजिटल संग्रहांची खरी आर्थिक समस्या आहे.

शोधाची पद्धत : एक उदाहरण

रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी कोणत्याही विषयाचे पाच मूलभूत पैलू सांगितले : व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ आणि काळ. हे पैलू ग्रंथांच्या वर्गीकरणासाठी असले, तरी चित्रशोधाचा आराखडा म्हणूनही ते उपयोगी पडतात. ‘मुंबईतील प्लेग काळातील सरकारी उपाययोजना’ या विषयावर चित्रे हवी आहेत असे समजू. शोधपेटीत हे संपूर्ण वाक्य टाकल्यास बहुधा काहीच हाती लागणार नाही. त्याऐवजी विषय पुढीलप्रमाणे फोडावा.

१. व्यक्तित्व : मुख्य विषय कोणता? येथे प्लेग. त्याचे पर्यायी शब्द : गाठीचा प्लेग, साथ, महामारी.

२. पदार्थ : कोणत्या माध्यमातील चित्र हवे? छायाचित्र, नकाशा, रेखाचित्र की व्यंगचित्र?

३. ऊर्जा : कोणती क्रिया? घरांचे निर्जंतुकीकरण, प्रवाशांची तपासणी, विलगीकरण, लसीकरण.

४. स्थळ : मुंबई. परंतु नोंदीत ते ‘बॉम्बे’ असेल. शेजारचे स्थळ म्हणून पुणे आणि कराची यांचाही विचार करावा.

५. काळ : १८९६ ते १८९७. आवश्यकता भासल्यास पुढील काही वर्षे.

आता सर्वांत व्यापक शब्द आणि स्थळ, म्हणजे ‘प्लेग’ व ‘बॉम्बे’, यांचे इंग्रजी शब्द टाकून पहिला शोध घ्यावा. मिळालेल्या निकालांपैकी विषयाला नेमकी लागू पडणारी एक नोंद उघडून ती पूर्ण वाचावी. ही पायरी विद्यार्थी सहसा गाळतात. पण तीच निर्णायक असते. त्या नोंदीत ग्रंथपालाने कोणती विषयशीर्षके वापरली आहेत हे पाहावे आणि दुसरा शोध त्या शब्दांनी घ्यावा. पहिला शोध वाचकाच्या भाषेत होतो, दुसरा ग्रंथालयाच्या भाषेत.

तिसऱ्या पायरीत एका चित्रावरून संपूर्ण संचाकडे जावे. प्लेगची छायाचित्रे सुटी काढलेली नव्हती. ती अल्बमच्या रूपाने एकत्र बांधली गेली. एका चित्रावरून अल्बमची मूळ नोंद उघडली, तर चित्रांचा क्रम, अल्बम तयार करण्यामागचा हेतू आणि शोधशब्दांत न बसल्यामुळे निसटलेली चित्रे हाती येतात. कराचीच्या प्लेग समितीचा १८९७ मधील छायाचित्रांचा अल्बमही याच ग्रंथालयात आहे. दोन शहरांतील उपाययोजनांची तुलना करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

चौथी पायरी पडताळणीची. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई प्लेग समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिशकालीन भारतातील आरोग्यविषयक अहवालांचा मोठा संच डिजिटल स्वरूपात खुला केला आहे. चित्र आणि अहवाल शेजारी ठेवून वाचले, म्हणजे प्रत्येकाचे बळ आणि मर्यादा स्पष्ट होतात.

स्थळनामांचा प्रश्न

भारतविषयक चित्रे न सापडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे नावांचे बदललेले रूप. नोंद ज्या काळात लिहिली गेली, त्या काळातील नाव तिच्यात राहते. बॉम्बेचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले. मद्रासचे १९९६ मध्ये चेन्नई, कलकत्त्याचे २००१ मध्ये कोलकाता आणि बंगलोरचे २०१४ मध्ये बंगळूरु झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये आणि अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. १८९७ च्या छायाचित्राच्या नोंदीत ही नवी नावे असतीलच असे नाही. याशिवाय पुण्याचे ‘पूना’, ठाण्याचे ‘टाना’ अथवा ‘ठाना’, वेरूळचे ‘एलोरा’ अशी इंग्रजी रूपे आढळतात. व्यक्तिनामांचीही तीच स्थिती आहे. म्हणून प्रत्येक नावाची जुनी-नवी रूपे व इंग्रजी वर्णलेखनाचे प्रकार यांची छोटी यादी शोध सुरू करण्यापूर्वीच तयार करावी.

अचूकता आणि व्याप्ती

शोध चांगला झाला की नाही, हे मोजण्यासाठी माहितीशास्त्रात दोन मापे वापरतात. मिळालेल्या निकालांपैकी किती उपयुक्त आहेत, हे प्रमाण म्हणजे अचूकता. संग्रहात असलेल्या एकूण उपयुक्त चित्रांपैकी किती मिळाली, हे प्रमाण म्हणजे व्याप्ती.

एका काल्पनिक संग्रहात विषयाला उपयुक्त अशी ६० चित्रे आहेत असे मानू. व्यापक शब्दाने शोध घेतल्यावर २०० निकाल आले आणि त्यांपैकी ४० उपयुक्त निघाले. येथे अचूकता २० टक्के आणि व्याप्ती सुमारे ६७ टक्के झाली. नंतर स्थळ, काळ व क्रिया यांची बंधने घातल्यावर ३० निकाल आले आणि त्यांपैकी २४ उपयुक्त ठरले. आता अचूकता ८० टक्क्यांवर गेली. पण व्याप्ती ४० टक्क्यांवर उतरली. एक माप वाढवताना दुसरे बहुधा कमी होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही देवाणघेवाण परिचित वाटेल. निबंधासाठी एकच प्रातिनिधिक चित्र हवे असेल, तर अचूकता महत्त्वाची. प्रबंधासाठी संपूर्ण पुरावा गोळा करावयाचा असेल, तर व्याप्ती महत्त्वाची. शोधाचा हेतू आधी ठरवला, तरच बंधने किती घालावीत हे ठरवता येते.

चित्रात काय आहे आणि काय नाही

कलेतिहासाचे अभ्यासक एर्विन पॅनोफ्स्की यांनी १९३९ मध्ये चित्राच्या अर्थाचे तीन स्तर मांडले. पहिल्या स्तरावर केवळ दृश्य वस्तू असतात. दुसऱ्या स्तरावर त्यांची विशिष्ट ओळख पटते. तिसऱ्या स्तरावर त्या काळाची धारणा उलगडते. प्लेगच्या काळात घरे धुण्याच्या कामाचे छायाचित्र घेतले, तर पहिल्या स्तरावर नळी, पाणी, माणसे आणि घर दिसते. दुसऱ्या स्तरावर ते १८९७ मधील मुंबईतील निर्जंतुकीकरण आहे हे कळते. तिसऱ्या स्तरावर प्रश्न उपस्थित होतो : रोगाचे मूळ घरातील घाणीत आणि गरिबांच्या राहणीत आहे, ही तत्कालीन प्रशासनाची समजूत या चित्रातून दिसते काय? प्लेगच्या प्रसारात उंदीर आणि पिसवा यांची भूमिका निर्विवादपणे सिद्ध होण्यास त्यानंतर काही वर्षे लागली. ग्रंथालयाची नोंद पहिले दोन स्तर सांगू शकते. तिसरा स्तर अभ्यासकालाच गाठावा लागतो.

यासोबतच चित्र कोणी व कोणासाठी काढले हेही विचारले पाहिजे. प्लेग समितीच्या कार्याची छायाचित्रे प्रशासनाची कार्यक्षमता दाखवतात. त्यांत स्वच्छ खाटांच्या रांगा दिसतात, शिस्तीत उभे असलेले कर्मचारी दिसतात. फेब्रुवारी १८९७ मध्ये संमत झालेल्या साथरोग कायद्याने दिलेल्या अधिकारांखाली घरांत शिरून तपासण्या झाल्या, रुग्णांना कुटुंबापासून दूर नेले गेले आणि लोकांत तीव्र असंतोष निर्माण झाला. पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच असंतोष होता. हा संताप अल्बममध्ये सापडत नाही. तो समजण्यासाठी तत्कालीन वृत्तपत्रे वाचावी लागतात. पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. मांडवीतील साथ प्लेगचीच असल्याचे निदान करणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. अशा स्थानिक सेवाकार्याचा इतिहासही केवळ सरकारी अल्बमवरून लिहिता येणार नाही.

नोंदींतील आणखी एक विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. छायाचित्रकार आणि अधिकारी यांची नावे ‘निर्माता’ अथवा ‘विषय’ या रकान्यांत येतात. त्यामुळे त्यांच्या नावाने शोध घेता येतो. खाटेवरील रुग्ण, घर धुणारा कामगार, छावणीतील स्त्री यांची नावे सहसा कोणी टिपून ठेवलेली नाहीत. त्यांच्या नावाने शोध घेणे शक्यच नाही. जे नोंदले गेले नाही ते शोधयंत्रणेला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते धोरणाच्या इतिहासातूनही गळून पडते. १८९७ चा हा कायदा २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात देशभर पुन्हा वापरण्यात आला. त्या कायद्याच्या पहिल्या अंमलबजावणीचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांची बाजू पुराव्यात किती अल्प आहे, याचे भान लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्याने ठेवले पाहिजे.

चुकीच्या शीर्षकाचा धोका

ग्रंथालयाबाहेर पडलेले चित्र आपली नोंद मागे सोडून येते. याचे ठळक उदाहरण दुष्काळाच्या छायाचित्रांचे आहे. १८७६-७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने खंगलेल्या लोकांची छायाचित्रे काढली. ही छायाचित्रे समाजमाध्यमांवर अनेकदा १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची म्हणून फिरताना दिसतात.

ही चूक केवळ तारखेची नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर १८८० मध्ये रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. १९४३ मध्ये ही संहिता अस्तित्वात होती. तरीही बंगालमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करण्यात आला नाही. वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये बंगालमधील मृत्यूंचा अंदाज सुमारे १५ लाख इतका दिला, तर अमर्त्य सेन यांचा अंदाज सुमारे ३० लाखांचा आहे. अन्नधान्याची उपलब्धता घटली एवढेच कारण नसून लोकांची ते मिळवण्याची क्षमता कोसळली, हा सेन यांचा सिद्धांत याच दुष्काळाच्या अभ्यासातून पुढे आला. दोन दुष्काळांमधील हा फरक एका चुकीच्या चित्रशीर्षकाने पुसला जातो. म्हणून समाजमाध्यमावर मिळालेले चित्र पुरावा म्हणून वापरू नये. ते मूळ संग्रहातील नोंदीपर्यंत नेऊन तपासावे. प्रतिमा टाकून उलट शोध घेण्याची सोय त्यासाठी उपयोगी पडते. तिचा निकाल मात्र केवळ सुगावा मानावा.

हक्क आणि जबाबदारी

चित्र पाहता येते म्हणून ते छापता येतेच असे नाही. भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ लागू आहे. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण होते. २०१२ च्या दुरुस्तीने ही स्वतंत्र तरतूद वगळण्यात आली. त्यामुळे छायाचित्रांनाही निर्मात्याचे आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा सर्वसाधारण नियम लागू झाला. शासकीय कृतींचे संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षे असते. कायद्याच्या कलम ५२ नुसार संशोधनासह खाजगी उपयोगासाठी, तसेच टीका व समीक्षा यांसाठी उचित वापराची मुभा आहे. संकेतस्थळावरील ‘हक्क’ हा रकाना वाचून, संग्रहाचे नाव व ओळखक्रमांक देऊन चित्र वापरणे हा सुरक्षित मार्ग होय.

कायद्याने मुदत संपली तरी नैतिक जबाबदारी संपत नाही. रुग्ण आणि भुकेलेले लोक यांनी छायाचित्राला संमती दिली होती किंवा काय, हे नोंदीत नसते. त्यांची चित्रे केवळ सजावट म्हणून वापरणे टाळावे.

भारतीय संग्रह

परदेशी संग्रहांइतकेच भारतीय संग्रहही आता खुले होत आहेत. १८९१ मध्ये कलकत्ता येथे स्थापन झालेल्या अभिलेख विभागाचे आजचे रूप म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागार. त्याचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने आयआयटी खरगपूरने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. संस्कृती मंत्रालयाचे ‘इंडियन कल्चर’ हे संकेतस्थळ डिसेंबर २०१९ पासून उपलब्ध आहे. राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने दुर्मिळ ग्रंथ व अहवाल डिजिटल स्वरूपात आणले आहेत. त्यांतील नकाशे व तक्ते आर्थिक इतिहासासाठी मोलाचे आहेत.

नवे तंत्रज्ञान : संधी आणि मर्यादा

२०११ पासून विकसित होत असलेल्या ‘ट्रिपल आय एफ’ या आंतरराष्ट्रीय मानकामुळे वेगवेगळ्या ग्रंथालयांतील प्रतिमा एकाच पडद्यावर शेजारी ठेवून मोठ्या करून पाहता येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे चित्रातील वस्तू ओळखून शोध घेणेही शक्य होऊ लागले आहे. नोंदींच्या टंचाईवर हा उपाय ठरू शकतो. मात्र यंत्र ‘खाट’, ‘माणूस’, ‘तंबू’ ओळखते. तो तंबू विलगीकरणाचा की लष्कराचा, हे त्याला संदर्भाशिवाय सांगता येत नाही. शिवाय यंत्राने रचलेली बनावट ‘ऐतिहासिक’ छायाचित्रे आता सहज तयार होतात. अशा वेळी ग्रंथालयातील नोंद, ओळखक्रमांक आणि चित्राचा हस्तांतराचा इतिहास यांचे मूल्य पूर्वीपेक्षा वाढले आहे.

डिजिटल म्हणजे चिरस्थायी, हीदेखील चुकीची समजूत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या डिजिटल सेवा दीर्घकाळ विस्कळीत झाल्या. मुख्य ग्रंथसूची मर्यादित स्वरूपात पुन्हा उपलब्ध होण्यास जानेवारी २०२४ उजाडावे लागले. मूळ वस्तूचे जतन, एकापेक्षा अधिक ठिकाणी प्रती आणि त्यासाठी नियमित निधी या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

समारोप

डिजिटल संग्रहांनी अभ्यासकाच्या प्रवासाचा खर्च वाचवला; शोधाचा खर्च मात्र पूर्णपणे संपवला नाही. तो कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग वाचकाच्या हाती आहे : विषय पैलूंत फोडणे, नोंद वाचणे, जुनी नावे लक्षात घेणे, संपूर्ण संच पाहणे आणि दुसऱ्या पुराव्याशी ताडून घेणे. दुसरा मार्ग सार्वजनिक धोरणाचा आहे. भारतविषयक असंख्य चित्रांच्या नोंदी आज इंग्रजीत आहेत. मराठीत शोध घेणाऱ्याला त्या सापडत नाहीत. प्रतिमा तयार करण्यासाठी जसा निधी दिला जातो, तसा भारतीय भाषांत नोंदी लिहिण्यासाठीही दिला गेला, तर त्याचा लाभ प्रत्येक जादा वाचकाला जवळजवळ शून्य खर्चात मिळत राहील. मांडवीतील एखाद्या गल्लीचे छायाचित्र पाहून ती गल्ली ओळखू शकणारा माणूस लंडनपेक्षा मुंबईत सापडण्याची शक्यता अधिक आहे. त्याचे ज्ञान नोंदीत उतरवणे हे ज्ञानाच्या लोकशाहीकरणातील पुढचे पाऊल ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. डब्लिन कोअर मानकातील घटक सांगून त्यांपैकी चित्रशोधासाठी सर्वांत उपयुक्त असे तीन घटक उदाहरणासह स्पष्ट करा.

२. डिजिटल चित्रसंग्रह ही सार्वजनिक वस्तू आहे की क्लब वस्तू? स्थिर व सीमांत खर्चाच्या आधारे चर्चा करा.

३. एका शोधात ५० निकाल मिळाले. त्यांपैकी ३५ उपयुक्त असून संग्रहात एकूण १०० उपयुक्त चित्रे आहेत. अचूकता व व्याप्ती काढा आणि शोध सुधारण्याचा मार्ग सुचवा.

४. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या अंमलबजावणीचा इतिहास लिहिताना सरकारी छायाचित्रांच्या मर्यादा कोणत्या? त्या भरून काढण्यासाठी कोणती साधने वापराल?